वाजवल्याशिवाय न कळणारं यंत्र

हैदराबादच्या सहलीला जाणाऱ्यांनी सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळापाशी बारा वाजायच्या थोडं आधी जागा धरावी. कुक अँड केल्वीच्या या घड्याळातून दर तासाला एक छोटी बाहुली बाहेर येते, टोले देते आणि आत जाते. बाराला टोले जास्त, म्हणून गर्दीही जास्त.

हे झाले नुसते टोले. आपोआप सूर वाजवणाऱ्या यंत्राची गंमत निराळी. त्यात किल्लीने किंवा दांड्याने फिरणारं नळकांडं असतं आणि त्यावर ठरावीक जागी खिळे ठोकलेले असतात. खिळ्यांची मांडणी हीच चाल. म्युझिकल बॉक्समध्ये खिळा पोलादी फणीचा दाता छेडतो. बॅरल ऑर्गनमध्ये तो झडप उघडतो आणि भात्यातली हवा नळीत शिरते.

टिपू सुलतानाचा लाकडी वाघही भात्यावरच चालतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांनी तो लंडनला नेला. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, त्याच्या तावडीतला गोरा कण्हतो आणि हात हलवतो. कुशीत छोटा ऑर्गनही आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, ईस्ट इंडिया हाउसमध्ये, येणारे-जाणारे दांडा इतका फिरवत की शेजारी वाचत बसलेले लोक वैतागत! आता तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काचेमागे आहे.

जुनं यंत्र रोज वाजवलं तर झिजतं, हे खरं. पण कायम मुकं ठेवलं तर उरतो तो फक्त कपाटातला ठोकळा. जाणत्या माणसाने ठरल्या वेळी थोडंसं वाजवून दाखवावं, हेच बरं. आणि हो, सालारजंग शुक्रवारी बंद असतं.