रस्त्यावर बसलेला हात आणि पडद्यावरची शर्यत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात मोटार शर्यतींसाठी बांधलेली पक्की सर्किट मोजकीच आहेत, उदाहरणार्थ ग्रेटर नोएडाचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचे आणि कोइम्बतूरजवळचे कारी. मध्य प्रदेशात यांपैकी कोणतेही नाही, आणि इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान मार्ग वाहनांच्या चाचणीसाठी आहे, हौशी चालकांच्या चढाओढीसाठी नाही. त्यामुळे भोपाळच्या पिपलानीत, म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याभोवती वाढलेल्या आणि देशाच्या इतर भागांतील कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबांनाही सामावून घेणाऱ्या वसाहतीत, एखाद्या चालकाला शर्यतीची ओढ लागली, तर त्याच्यापुढचा सर्वांत जवळचा मार्ग संगणकातूनच जातो. रेसिंग सिम्युलेटर म्हणजे टायर, सस्पेन्शन आणि हवेचा दाब यांचे गणित सेकंदाला शेकडो वेळा मांडून गाडीचे वर्तन ठरवणारी प्रणाली होय. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंगमध्ये हे गणित सेकंदाला ३६० वेळा होते, त्यातील सर्किट लेसरच्या साहाय्याने मोजून उभी केलेली असतात आणि जगभरातील स्पर्धक इंटरनेटद्वारे एकाच शर्यतीत उतरतात.

या क्षेत्रात येणाऱ्या अनुभवी चालकाची पहिली समजूत अशी असते की, वीस वर्षे अपघाताविना गाडी चालवली असल्याने निम्मे शिक्षण आधीच झालेले आहे. वस्तुस्थिती अशी की, कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड जवळजवळ गुरुत्वाकर्षणाइतक्या बलाला पुरी पडते, तर शहरातील रोजच्या ब्रेकला त्या पकडीचा तिसरा हिस्साही क्वचितच लागतो. जो प्रदेश शर्यतीचा चालक प्रत्येक वळणावर ओलांडतो, तिथे रस्त्यावरचा सावध चालक आयुष्यभर पोचलेलाच नसतो, आणि तसे न पोचणे हेच त्याच्या कौशल्याचे लक्षण असते. तरीही त्याची शिदोरी रिकामी नाही. भोपाळच्या रायसेन रोडवर उलट दिशेने येणारी दुचाकी, मध्येच थांबणारी ई-रिक्षा आणि दुभाजकापाशी रेंगाळणारी गुरे यांचा पुढचा हेतू आधीच ओळखण्याची जी सवय जडते, ती शर्यतीत समोरचा स्पर्धक कुठे चुकणार आहे हे ताडण्यासाठी जशीच्या तशी उपयोगी पडते. दूरवर नजर ठेवण्याची आणि स्टिअरिंग हिसका न देता फिरवण्याची सवयही तशीच कामी येते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज ब्रेकविषयीचा आहे. रस्त्यावर ब्रेक हळूच सुरू करून गरजेप्रमाणे वाढवावा, असे शिकवले जाते आणि प्रवाशांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. शर्यतीत मात्र क्रम उलटा असतो. शर्यतीच्या वेगवान गाडीला हवा जमिनीकडे दाबते आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सर्वाधिक वेगात पकडही सर्वाधिक असते; म्हणून पहिला दाब सर्वांत जोराचा द्यावा लागतो आणि वेग उतरेल तसा पाय सैल करावा लागतो. शिवाय टायरची एकूण पकड मर्यादित असून ती वेग कमी करणे आणि वळणे या दोन कामांत वाटून घ्यावी लागते. त्यामुळे चाक जितके वळेल तितका ब्रेक सोडत वळणाच्या आतल्या टोकापर्यंत जाण्याची रीत पडली, तिलाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. यात पुढच्या टायरवरचे वजन टिकून राहते आणि गाडी वळायला तयार होते. सरळ रेषेत ब्रेक पूर्ण करून मगच वळायचे, ही रस्त्यावरची शिस्त इथे वेळ दवडते, एवढेच नव्हे तर गाडीचे नाकही बाहेर ढकलते.

यातली भारतीय अडचण डाव्या पायाची आहे. शर्यतीच्या अनेक गाड्यांत क्लच फक्त सुरुवातीला लागतो आणि डावा पाय ब्रेकवर ठेवता येतो. पण गिअरच्या गाडीवर शिकलेल्या चालकाचा डावा पाय क्लच तळापर्यंत दाबायला सरावलेला असल्याने सुरुवातीला तो ब्रेकवरही तसाच आदळतो आणि चाके अडकतात. पेडलचा प्रकारही इथे महत्त्वाचा ठरतो. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला हे मोजते, तर लोड सेल असलेले पेडल पायाने किती जोर लावला हे मोजते. आणि अंतरापेक्षा जोर लक्षात ठेवणे पायाला सोपे जाते, म्हणून दुसऱ्या प्रकारात ब्रेक लवकर एकसारखा होतो. महाग साहित्याने माणूस वेगवान होतो हा समज विक्रेत्यांना सोयीचा आहे. पैसे मोजकेच असतील, तर ते भारी चाकापेक्षा आधी ब्रेक पेडलवर घालावेत, एवढाच त्यातला सत्यांश.

गाडी सीटमधून कळते, असे अनुभवी चालक म्हणतात आणि ते खरेही आहे. मागची चाके सरकू लागली की शरीराला जाणवणारी घसरण आणि आतल्या कानाचा तोल डोळ्यांच्या आधी इशारा देतात. घरच्या खुर्चीत हा इशाराच नसतो. म्हणून प्रत्यक्षात घसरती गाडी सहज सावरणारा चालक पडद्यावर उशिरा जागा होतो, मग घाईने जास्त उलटे वळवतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. हा दोष मंद प्रतिक्रियांचा किंवा वयाचा मानला जातो, पण तो माहितीच्या बदललेल्या वाटेचा आहे: तीच बातमी आता फोर्स फीडबॅकमधून, म्हणजे चाकाने हातांना परत दिलेल्या जोरातून, टायरच्या आवाजातून आणि क्षितिजाच्या सरकण्यातून वाचावी लागते. चाकाचा जोर वाढवला की जाणीव वाढते, हा त्याला जोडून येणारा भ्रम आहे. चाकातील मोटरच्या क्षमतेपलीकडे जोर मागितला तर वरचे सगळे बारकावे एकाच पातळीवर कापले जातात, याला क्लिपिंग म्हणतात, आणि जड पण मुके चाक हाती राहते.

दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे पडद्यावर किती अंशांचा देखावा दिसावा याचा, प्रश्नही असाच आहे. देखावा जितका रुंद तितके चांगले असे वाटते, कारण त्यात वेग जास्त भासतो. पण मग वळणे आहेत त्यापेक्षा दूर आणि लहान दिसतात आणि रस्त्यावर घडलेला अंतराचा अंदाज निकामी होतो. ६० सेंटिमीटर रुंद पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भूमितीप्रमाणे तो सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो, आणि तोच आकडा भरला तर खऱ्या रस्त्याचे प्रमाण पडद्यावर उतरते. भारतात चालक उजवीकडे बसतो, तर सिम्युलेटरमधील बहुतेक जीटी गाड्यांत तो डावीकडे आणि फॉर्म्युला गाड्यांत मध्यभागी असतो. त्यामुळे डाव्या वळणाच्या आतल्या कडेपासून गाडी नेहमी हातभर लांब राहते आणि याचे कारण चालकाला बरेच दिवस उमगत नाही.

इंटरनेटच्या विलंबाविषयी तर अर्धवट माहितीच अधिक पसरलेली आहे. स्पर्धकाच्या स्वतःच्या गाडीचे गणित त्याच्याच संगणकावर होत असल्याने विलंबामुळे स्टिअरिंग उशिरा वळत नाही. विलंबित असते ती इतरांच्या गाड्यांची जागा, जी प्रणाली अंदाजाने दाखवते. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, आणि सर्व्हर फ्रँकफर्टला असेल, तर भोपाळपासून त्याचे सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. म्हणजे कितीही महाग जोडणी घेतली तरी जाण्यायेण्याला सेकंदाचे किमान ६५ सहस्रांश लागणारच. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात साडेतीन मीटरहून अधिक पुढे सरकते. दूरच्या सर्व्हरवरील शर्यतीत बाजूला एका गाडीची जादा जागा सोडणे हे यामुळे भित्रेपणाचे नसून हिशेबाचे काम आहे.

पडद्यावर धक्काबुक्की चालते, हाही भ्रमच. आयरेसिंगमध्ये स्पर्धकांना श्रेणीनिहाय परवाना असतो, आणि टक्कर झाली की चूक कोणाची हे न पाहता दोघांच्याही खात्यावर दोष लागतो. असे दोष साचले की सुरक्षिततेचा गुणांक आणि त्यासोबत वरच्या श्रेणीची संधी जाते. न्यायाच्या दृष्टीने ही पद्धत कठोर आहे, पण रस्त्यावर समोरच्याची चूक गृहीत धरून चालवणाऱ्याला तिचा फायदा होतो.

याउलट, सिम्युलेटर म्हणजे निव्वळ खेळणे आणि त्यात प्रत्यक्षाचे काही नाही, असे मानणाऱ्यांसाठी २०२० चा अनुभव पुरेसा आहे. महासाथीमुळे अमेरिकेतील नॅस्कार शर्यती काही काळ आयरेसिंगवर झाल्या, तेव्हा प्रत्यक्ष कप मालिकेत एकही विजय नसलेला टिमी हिल टेक्सासच्या सर्किटवरची आभासी शर्यत जिंकला, कारण सिम्युलेटरचा त्याचा सराव कित्येक वर्षांचा होता. आणि किशोरवयात सिम्युलेटरवर सुरुवात करणाऱ्या विल्यम बायरनने त्या काळात अनेक आभासी विजय मिळवलेच, शिवाय पुढे २०२४ आणि २०२५ ची खरी डेटोना ५०० शर्यतही जिंकली. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये जीटी अकॅडमी, म्हणजे पडद्यावरच्या खेळाडूंतून शर्यतीचे चालक निवडणारी स्पर्धा, जिंकून २०१३ च्या ल मान शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावरील २०२३ च्या चित्रपटात नुर्बुर्गरिंगचा अपघात ल मानच्या आधी दाखवला आहे, प्रत्यक्षात तो २०१५ मधला आहे. आणि पडदा सोडून थेट सर्किटवर उडी, असे जे प्रेक्षकाच्या मनात राहते त्यामागे प्रशिक्षणाचा आणि खालच्या दर्जाच्या शर्यतींचा टप्पा होता.

शेवटचा गोंधळ कायद्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, पण कौशल्यावर आधारित ई-स्पोर्ट्सना त्यातून वेगळे काढून मान्यता दिली. त्यामुळे ज्यात पैज नाही अशी सिम्युलेटरवरील स्पर्धा जुगारात मोडत नाही. मात्र पडद्यावर कमावलेला वेग वसाहतीच्या रुंद, रात्री मोकळ्या पडणाऱ्या रस्त्यांवर दुसऱ्या गाडीशी शर्यत लावून आजमावला, तर मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ लागू होते, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.