टायमिंग बेल्ट: तुटायची वाट बघू नका
आज फवारणीचा नाही, गाडीचा सल्ला. गेल्या वर्षी मी जुनी डिझेल गाडी घेतली. बेल्ट कधी बदलला, विचारलंच नाही. प्लॉट बघायला निघालो आणि रस्त्यातच तुटला. आधी ना आवाज, ना धूर. पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. बेल्टच्या कितीतरी पट खर्च!

गाडी उभी राहिली तरी रबर जुनं होतंच, म्हणून पुस्तिकेतले किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते धरा. २.५ डिझेल इनोव्हाला डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो, पण बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो. म्हणून पावती मागा, नसेल तर बेल्ट बदलाच. (१.३ डिझेल स्विफ्टला चेन आहे.) टेन्शनर, आयडलर सोबतच बदला, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, मजुरी एकदाच लागते. काढणीच्या धावपळीआधी उरकून घ्या.