लिटल लीगचे गाव : विल्यम्सपोर्टला जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीच्या पश्चिम शाखेच्या उत्तर काठावर विल्यम्सपोर्ट आणि दक्षिण काठावर साउथ विल्यम्सपोर्ट अशी दोन जोडगावे आहेत. पहिल्याची लोकसंख्या अठ्ठावीस हजारांच्या आत, तर दुसऱ्याची जेमतेम सहा हजारांच्या घरात आहे. दर वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून सुमारे बारा दिवस येथे लिटल लीग वर्ल्ड सिरीज ही दहा ते बारा वर्षांच्या मुलांची बेसबॉल स्पर्धा भरते आणि अंतिम सामन्याला एकाच मैदानाभोवती चाळीस हजारांच्या घरात, म्हणजे दोन्ही गावांच्या एकत्रित वस्तीहून अधिक, प्रेक्षक जमल्याची उदाहरणे आहेत. तिकीट किती, बसायचे कुठे, कोणत्या दिवशी जायचे, आवडता खेळाडू मैदानात दिसेल की नाही, हे अशा स्पर्धेला जाणाऱ्याचे नेहमीचे प्रश्न. त्यांची उत्तरे येथे इतर क्रीडास्पर्धांपेक्षा वेगळी आहेत, कारण येथील जवळपास प्रत्येक व्यवस्था मोठ्यांचा खेळ मुलांच्या मापाने नव्याने बेतण्याच्या एका जुन्या निर्णयातून निघालेली आहे.

मैदानाचे माप

हा निर्णय विल्यम्सपोर्टचे रहिवासी कार्ल स्टॉट्झ यांचा होता. बेसबॉलमध्ये चेंडू टोलवणाऱ्या खेळाडूला, म्हणजे बॅटरला, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ठिकाणांना (त्यांनाच बेस म्हणतात) क्रमाने स्पर्श करून मूळ जागी परतल्यावर एक धाव मिळते. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधील अंतर ९० फूट असते आणि लहान मुलांचे पाय व खांदे तेवढ्याला पुरत नाहीत. १९३८ मध्ये स्टॉट्झ यांनी वर्तमानपत्रांच्या घड्या बेस म्हणून जमिनीवर ठेवल्या, मुलांना त्यांवरून पळायला व चेंडू फेकायला लावले आणि खेळ रंगतदार होईल असे अंतर सापडेपर्यंत त्या घड्या पुढेमागे सरकवल्या. त्यातून ठरलेले ६० फुटांचे अंतर आजही कायम आहे. महाराष्ट्रातील शाळांत सॉफ्टबॉल खेळलेल्या वाचकांना हे अंतर ओळखीचे वाटेल, कारण त्या खेळातही दोन बेसमध्ये तेवढेच अंतर असते. फरक असा की सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून हात फिरवून टाकतात, तर येथे तो खांद्यावरून फेकला जातो.

१९३९ मध्ये तीन संघांनिशी लिटल लीग सुरू झाली. १९४७ मध्ये ११ संघांची पहिली स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात विल्यम्सपोर्टच्याच मेनार्ड संघाने लॉक हेवनच्या संघाला १६–७ असे हरवले. संघटनेचा विस्तार झाला तसे तिच्या वाढत्या व्यापारी स्वरूपावरून स्टॉट्झ आणि संघटनेचे नेतृत्व यांच्यात वाद पेटला, तो न्यायालयापर्यंत गेला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर संस्थापकच संघटनेबाहेर पडले. खेळ मुलांच्या मापाचा ठेवण्याचा प्रश्न मैदानापुरता मिटला. सोहळ्याच्या बाबतीत तो आजही जिवंत आहे.

जागा आणि प्रवेश

१९५९ पासून स्पर्धा नदीपलीकडे साउथ विल्यम्सपोर्टमध्ये भरते. तेथील संकुलात दोन मैदाने आहेत : जुने हॉवर्ड लॅमडी स्टेडियम आणि २००१ मध्ये स्पर्धा ८ संघांवरून १६ संघांची झाली तेव्हा बांधलेले व्हॉलंटियर स्टेडियम. सर्व सामने विनामूल्य आहेत. लॅमडीमधील मर्यादित आसनांचे, विशेषतः शेवटच्या टप्प्यातील आसनांचे, वाटप मात्र प्रवेशिकांनी होते आणि त्याची पद्धत आयोजक त्या त्या वर्षी आधी जाहीर करतात. त्यामुळे आसनावरच बसायचे असेल तर चौकशी प्रवासापूर्वीच करून ठेवावी.

प्रवेशिका न मिळाल्याने मात्र काही बिघडत नाही, कारण बहुसंख्य प्रेक्षक मैदानाच्या कुंपणामागील हिरव्या उतारावर बसतात आणि मैदान खोलगट भागात असल्याने तेथून सामना नीट दिसतो. सोबत सतरंजी किंवा बुटकी घडीची खुर्ची, टोपी आणि पिण्याचे पाणी असावे. ऑगस्टच्या दुपारी तेथे ऊन तापते आणि वादळी पावसामुळे सामने खोळंबण्याचे प्रसंगही येतात. उताराच्या वरच्या भागात मुले पुठ्ठ्यांवर बसून घसरत खाली येतात आणि चेंडू कुठे आहे याची त्यांना फारशी फिकीर नसते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी सामन्याइतकाच वेळ याही खेळासाठी हाताशी ठेवावा. प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी होते, आणि संकुलात मद्यपान व धूम्रपान यांना मनाई आहे.

खेळाडू ग्रोव्ह नावाच्या बंदिस्त निवासात राहतात. त्यांच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च संघटना करते, पण तेथे बाहेरच्यांना प्रवेश नसतो आणि पालकांनाही गावात किंवा आसपास मुक्काम शोधावा लागतो.

सामना समजून घेताना

२०२२ पासून स्पर्धेत २० संघ असतात, १० अमेरिकेतील विभागांचे आणि १० इतर देशांचे. हे दोन गट शेवटपर्यंत वेगळे खेळतात. गटात दोनदा हरलेला संघ बाद होतो, पण गटाच्या अंतिम सामन्यात आणि महाअंतिम सामन्यात एकच पराभव निर्णायक ठरतो. महाअंतिम सामन्यात अमेरिकी विजेता आंतरराष्ट्रीय विजेत्याशी भिडतो. गणवेशावर गावाचे नाव नसते, विभागाचे असते, हे ठाऊक नसल्यास फलक पाहून गोंधळ उडतो. न्यू जर्सीचा संघ पात्र ठरला तर तो ‘मेट्रो’ या नावाने खेळतो.

सामना सहा डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी मिळते आणि तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते. चेंडू फेकणारा पिचर बॅटरपासून केवळ ४६ फुटांवर उभा असतो, तर मोठ्यांच्या खेळात हे अंतर ६० फूट ६ इंच आहे. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या मुलीने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता संपूर्ण सामना जिंकून दिला, असे करणारी ती या स्पर्धेतील पहिली मुलगी ठरली. तिचा वेगवान चेंडू ताशी ७० मैलांच्या आसपास होता. इतक्या कमी अंतरावरून आलेल्या अशा चेंडूला उत्तर द्यायला बॅटरला मिळणारा वेळ व्यावसायिक मैदानातील ताशी ९० मैलांहून अधिक वेगाच्या चेंडूइतकाच असतो, म्हणजे दूरचित्रवाणीवर सोपा वाटणारा फटका प्रत्यक्षात मुळीच सोपा नसतो.

प्रेक्षकाच्या बेतावर सर्वाधिक परिणाम करणारा नियम फेकींच्या मर्यादेचा आहे. वाढत्या वयातील कोपर व खांदा जपण्यासाठी २००७ पासून लिटल लीगमध्ये डावांऐवजी प्रत्यक्ष फेकी मोजल्या जातात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ फेकींची मर्यादा असून (समोरच्या बॅटरची पाळी सुरू असताना ती गाठली गेली, तर ती पाळी तो पूर्ण करू शकतो) ६६ किंवा अधिक फेकी केल्यास पुढचे चार दिवस, ५१ ते ६५ फेकी केल्यास तीन दिवस त्याला पिचर म्हणून उतरता येत नाही. म्हणून गुरुवारी गाजलेला पिचर शनिवारी गोलंदाजीला दिसेलच असे नाही, आणि संघ आघाडीवर असतानाही प्रशिक्षक पन्नासाव्या फेकीला चांगल्या पिचरला का काढतो, याचे उत्तर त्या दिवसाच्या धावफलकात नसून दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरच्या सामन्यात असते.

संकुलाबाहेर

विमानापेक्षा मोटार सोयीची आहे. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया परिसरातील मराठी कुटुंबांसाठी हा सुमारे तीन-साडेतीन तासांचा प्रवास असून इंटरस्टेट ८० वरून १८० क्रमांकाचा फाटा थेट गावात नेतो. स्पर्धेच्या काळात गावातील हॉटेले फार आधी भरतात, तेव्हा लुइसबर्ग, लॉक हेवन किंवा स्टेट कॉलेज येथे मुक्काम करून सकाळी येणे व्यवहार्य ठरते.

स्पर्धेच्या तोंडावर विल्यम्सपोर्टच्या मुख्य रस्त्यांवरून सर्व संघांची मिरवणूक निघते. संकुलाला लागून लिटल लीगचे संग्रहालय आहे, आणि नदीच्या उत्तर काठावर वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर १९५८ पर्यंत स्पर्धा झालेले मूळ मैदान जपलेले आहे. त्याच रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातील लाकूड व्यापाऱ्यांचे वाडे आहेत. डोंगरांतील ओंडके नदीतून वाहत आणून येथे कापले जात आणि त्या धंद्याने गावात इतके लक्षाधीश निर्माण केले की त्या भागाला ‘मिल्यनेअर्स रो’ हे नाव पडले.

गर्दीत सर्वत्र दिसणारा आणखी एक व्यवहार म्हणजे पिनांची देवाणघेवाण. निरनिराळ्या संघांच्या व जिल्ह्यांच्या मीनाकारी पिना टोपीवर, पट्ट्यावर किंवा टॉवेलवर मांडून मुले आणि मोठेही अदलाबदल करत बसतात. येथे रीत अदलाबदलीची आहे, विक्रीची नाही, आणि भाषा न कळणाऱ्या जपानी किंवा मेक्सिकन मुलाशी ओळख करण्याचा याहून सोपा मार्ग संकुलात नाही. दोन-चार पिना आधीच घेऊन ठेवल्या तर पाहुणाही या व्यवहारात लगेच सामील होऊ शकतो.

कोणत्या दिवशी जावे

अंतिम रविवारचे आकर्षण स्वाभाविक आहे. २०२५ मध्ये तैवानच्या संघाने १९९६ नंतर प्रथमच विजेतेपद पटकावले, तेव्हा त्या दिवसाला ऐतिहासिक मोल आले. परंतु त्या दिवशी आसन दुर्मीळ, उतार सकाळपासून व्यापलेला आणि रस्ते तुंबलेले असतात, शिवाय १८ संघ तोवर विजेतेपदाच्या शर्यतीबाहेर गेलेले असतात. पहिल्या तीन-चार दिवसांत मात्र वीस संघांपैकी बहुतेक सर्व मैदानात असतात, दोन्ही स्टेडियममध्ये एकाच दिवशी अनेक सामने पाहता येतात, पिचर ताजेतवाने असतात आणि व्हॉलंटियर स्टेडियमवर मैदानालगतची जागा मिळण्याची शक्यताही अधिक असते. दोन्ही करणे शक्य नसेल, तर स्टॉट्झ यांनी आखलेला खेळ त्याच्या मूळ मापात पाहू इच्छिणाऱ्याने अंतिम रविवारऐवजी पहिल्या आठवड्यातील एखादा कामाचा दिवस निवडणे श्रेयस्कर.