पास कुणी दिला, तेही लिहून ठेवा!

टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या तीन गार्डची कहाणी

बास्केटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. उंचापुरा मुलगा उडी मारतो, चेंडू जाळीत टाकतो आणि मैदान टाळ्यांनी दणाणते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नावही त्याचेच छापून येते. पण तो चेंडू त्याच्या हाती आला कुठून? समोरचे पाच जण वाट अडवून उभे असताना नेमक्या क्षणी, नेमक्या जागी चेंडू पोचवला कुणी? हा प्रश्न फारसे कुणी विचारीत नाही. आपल्या समाजाला मात्र तो विचारण्याची सवय हवी. कारण कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या कितीतरी पिढ्यांनी घेतला आहे.

म्हणून आज अमेरिकेतील एका कॉलेज संघाची हकीकत सांगावयाची आहे. संघाचे नाव टेक्सास वेस्टर्न. गाव एल पासो, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेले. साल १९६६.

गार्ड म्हणजे कोण?

ज्या माता-भगिनींनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. उंच खेळाडू जाळीजवळ उभे राहतात. त्यांच्या मानाने ठेंगणे पण चपळ असे जे असतात, ते गार्ड. चेंडू आपटत आपटत पुढे आणायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचे, त्याला पास द्यायचा आणि कुणीच मोकळा नसेल तर दुरून स्वतः नेम धरायचा, ही गार्डची कामे. पास द्यावा की स्वतः मारावे, हा निर्णय त्याला डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घ्यावा लागतो. म्हणून गार्डला संघाचे डोके म्हणतात.

आणि नेमका इथेच वर्णद्वेष आडवा येत असे. काळा माणूस धावेल, उडी मारेल, पण खेळाची सूत्रे तो शांत डोक्याने हलवू शकणार नाही, अशी समजूत त्या काळी अमेरिकेत पसरलेली होती. पाचही काळे खेळाडू उतरवले तर संघ विस्कटेल, सांभाळून घेणारा एक तरी गोरा हवाच, असे उघडपणे बोलले जाई. काळ्या खेळाडूंची संख्या ठरवण्याचा एक अलिखित दंडकही प्रचलित होता : आपल्या गावी खेळताना एक, बाहेरगावी दोन आणि हरायची वेळ आली तर तीन! अंगातील ताकद चालते, पण डोक्यावर विश्वास नाही. हा न्याय आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तिघांचे तीन गुण

टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स हे स्वतः गोरे. चेंडू जपून खेळणे आणि बचाव घट्ट ठेवणे ही शिकवण त्यांनी आपले गुरू हेन्री आयबा यांच्याकडून घेतली होती. त्यांच्या हाती तीन कृष्णवर्णीय गार्ड होते आणि तिघांचा पिंड निरनिराळा होता.

पहिला बॉबी जो हिल, डेट्रॉइटच्या बाजूचा. चेंडू जणू त्याच्या तळहाताला चिकटलेला. समोरच्याला हूल देऊन तो गर्दीत शिरे. आत गेल्यावर बचाव करणारे त्याच्याकडे धावले की मोकळ्या झालेल्या सोबत्याला पास देई, आणि धावले नाहीत तर स्वतः बास्केट करी. समोरच्याच्या हातातील चेंडू हिसकावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुसरा ऑर्स्टन आर्टिस, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गॅरी गावचा. हा नेमबाज. उगीच धावपळ करायची नाही, आपली जागा धरायची आणि पास आला की दुरून शांतपणे चेंडू सोडायचा. पण ध्यानात घ्या, हिलचा पास वेळेवर आला तरच आर्टिसचा नेम लागणार, आणि आर्टिसच्या नेमाचा धाक असला तरच बचाव करणारे दूर पांगून हिलला वाट मिळणार. दोघांचे गुण एकमेकांवर उभे होते.

तिसरा विली वर्स्ली, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. उंची अवघी साडेपाच फुटांच्या आसपास. उंचांच्या या खेळात अगदीच लहान दिसणारा. पण पायांत विलक्षण वेग होता, आणि समोरचा संघ चेंडू घेऊन वेगाने सुटला की त्याला आडवे जाण्यात हा पटाईत.

१९ मार्च १९६६

अंतिम सामना मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाऊसमध्ये झाला. समोर केंटकी विद्यापीठाचा संघ. त्याचे प्रशिक्षक अडॉल्फ रप यांनी त्याआधी चार वेळा हे अजिंक्यपद मिळवले होते. संघात सगळे गोरे. लुई डॅम्पियर आणि पॅट रायली हे त्यांचे नामांकित खेळाडू.

केंटकीचा संघ उंचीने बेताचा पण वेगवान होता. तो वेग मोडण्यासाठी हॅस्किन्स यांनी धाडसी निर्णय घेतला. उंच नेव्हिल शेडला बाहेर बसवून त्यांनी साडेपाच फुटी वर्स्लीला सुरुवातीलाच उतरवले. म्हणजे एकाच वेळी तीन गार्ड मैदानात. त्यांच्या जोडीला डेव्हिड लॅटिन आणि हॅरी फ्लोर्नॉय. पाचही कृष्णवर्णीय. अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याची सुरुवात एखाद्या संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी करावी, हे त्या दिवशी प्रथम घडले.

पूर्वार्धात हिलने एकदा केंटकीच्या टॉमी क्रॉनकडून चेंडू हिसकावला आणि एकट्याने जाऊन बास्केट केली. काही क्षणांतच त्याने डॅम्पियरकडूनही चेंडू हिसकावला आणि पुन्हा बास्केट केली. ज्यांच्या डोक्यावर विश्वास नव्हता, त्यांच्यातल्याच एकाने देशातील नामांकित गार्डांच्या हातून दोनदा चेंडू काढून घेतला! मध्यंतराला गुण होते ३४–३१. उत्तरार्धात केंटकीने अंतर कमी करीत आणले, पण पुढे जाता आले नाही. अखेर टेक्सास वेस्टर्न ७२, केंटकी ६५. हंगामातील २९ सामन्यांपैकी या संघाने २८ जिंकले होते. विजयानंतर जाळी कापण्याची तिकडे प्रथा आहे. ठेंगण्या वर्स्लीला सोबत्यांनी वर उचलून धरले आणि त्याने जाळी कापली.

आकडे काय बोलतात?

आता गुणतक्ता पाहू. हिलने १७ वेळा नेम धरला, ७ लागले. आर्टिसने १३ पैकी ५, वर्स्लीने ४ पैकी २. मैदानातून केलेली बास्केट त्या वेळी २ गुणांचीच असे. दुरून मारल्यास ३ गुण, हा नियम अमेरिकेच्या कॉलेज खेळात १९८६-८७ च्या हंगामापासून सर्वत्र आला. फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या फ्री थ्रोचा १ गुण. त्यात हिल ९ पैकी ६, आर्टिस ५ पैकी ५, वर्स्ली ६ पैकी ४. एकूण हिल २०, आर्टिस १५, वर्स्ली ८. तिघांचे मिळून ४३ गुण, म्हणजे संघाच्या ७२ पैकी निम्म्याहून अधिक.

आणखी एक हिशेब मुलांना घरी करायला सांगा. केंटकीने ७० प्रयत्नांत २७ बास्केट केल्या, टेक्सास वेस्टर्नने ४९ प्रयत्नांत २२. म्हणजे मैदानी गुणांत केंटकी १० ने पुढे होती! मग ती हरली कशी? फ्री थ्रोमध्ये. टेक्सास वेस्टर्नला ३४ मिळाले, त्यातले २८ लागले. केंटकीला १३ मिळाले, ११ लागले. इथे १७ गुणांची आघाडी. सतरातून दहा वजा करा, उरतात सात. तोच विजयाचा फरक.

फ्री थ्रो दैवाने मिळत नाहीत. घाई न करता चेंडू फिरवत राहिले, संधी साधून आत शिरले, की समोरचा चुकतो आणि फाऊल करतो. म्हणजे ज्यांना लोक बेशिस्त समजत होते, तेच त्या दिवशी जास्त धीराने आणि शिस्तीने खेळले. हा निष्कर्ष कुणा चाहत्याचा नाही, तो आकड्यांतच लिहिलेला आहे.

तक्त्यात नसलेला रकाना

तक्ता असा बोलका असला तरी त्यात एक रकाना सापडत नाही. कुणी किती नेम धरले, किती लागले, फाऊल किती, हे सर्व आहे. ज्या पासमुळे बास्केट झाली, तो पास कुणाचा? अमेरिकेच्या कॉलेज खेळात अशा पासची अधिकृत नोंद नियमितपणे होऊ लागली ती १९८३-८४ च्या हंगामापासून. म्हणून हिलने त्या सामन्यात स्वतः किती गुण केले हे आपण नेमके सांगू शकतो, पण इतरांना किती करून दिले हे तक्ता सांगत नाही. त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही चौथ्या क्रमांकावरील यूटा संघाच्या जेरी चेंबर्सला मिळाला. तो गुणांचा पाऊस पाडणारा खरोखरच मोठा खेळाडू होता. पण गुण दिसतात आणि पास दिसत नाही, हेही तितकेच खरे.

सर्वांत आधीचा पास

या विजयामागे असाच एक न दिसणारा पास आहे, आणि तो मैदानावरचा नाही. एल पासोत थेल्मा व्हाइट नावाची कृष्णवर्णीय मुलगी होती. डग्लस शाळेत ती पहिली आली होती. १९५४ साली टेक्सास वेस्टर्न कॉलेजने केवळ वर्णामुळे तिला प्रवेश नाकारला. ती न्यायालयात गेली. १९५५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि कॉलेजचे दार कृष्णवर्णीयांना उघडले. स्वतः थेल्मा तोवर शेजारच्या न्यू मेक्सिकोतील कॉलेजात शिकू लागली होती, ती तिथेच राहिली. उघडलेल्या दारातून इतर मुले आत गेली. १९५६ मध्ये चार्ली ब्राउन हा कृष्णवर्णीय खेळाडू या संघात आला. त्यानंतर दहा वर्षांनी हिल, आर्टिस आणि वर्स्ली यांनी अजिंक्यपद जिंकले. थेल्माने लढा दिला नसता तर या तिघांना तिथे चेंडूला हात लावता आला असता काय?

जिंकल्यावर काय?

विजयाने सगळे गोड झाले असे नाही. हॅस्किन्स यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. १९६८ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाने लेखमाला छापली. या विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलांना खेळापुरते वापरून घेतात, पदवीकडे कुणी लक्ष देत नाही, असे गंभीर आरोप तिने मांडले. पुढे काहींनी पदवी पूर्ण केली. आर्टिस गॅरी गावात पोलीस खात्यात गेला. हिल एल पासोतच एका गॅस कंपनीत नोकरीला राहिला आणि २००२ साली वारला. २००७ साली हा सगळा संघ बास्केटबॉलच्या सन्मान दालनात दाखल झाला. हा मान पाहायला हिल नव्हता.

मैदानाबाहेरही बदल घडला. ज्या दक्षिणेकडील गटात केंटकी खेळत असे, तिथे व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाचा पेरी वॉलेस १९६७-६८ मध्ये पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू म्हणून उतरला. खुद्द केंटकीने १९६९ साली टॉम पेन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य मांडले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा एल पासोची ही कहाणी आपल्याला परकी वाटू नये.

आई-वडिलांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कुठल्याही खेळात पुढे जात असेल तर जरूर जाऊ द्या, पण शाळेची हजेरी आणि परीक्षेचा अर्ज यांवर तुमची नजर राहू द्या. खेळ गुडघ्यावर अवलंबून असतो, पदवी जन्मभर सोबत राहते. आणि मैदानावर सामना पाहायला गेलात तर मुलांच्या हाती एक वही द्या. एका रकान्यात गुण करणाऱ्याचे नाव लिहू द्या आणि दुसऱ्या रकान्यात पास देणाऱ्याचे. संध्याकाळी घरी बसून दोन्ही रकाने वाचा. आपल्या घरातही दुसऱ्या रकान्यात लिहिण्याजोगी नावे आहेत. धाकट्यांच्या शिक्षणासाठी शाळा सोडून कारखान्यात गेलेला थोरला भाऊ आहे, चार घरची धुणीभांडी करून फी भरणारी आई आहे. त्यांचीही नावे वहीत लिहून ठेवा.

जयभीम!