एक-दोन टक्क्यांचं कापड

ताणलेल्या कापडी छताचा आकार कागदावर मनाजोगता रेखाटता येत नाही, कारण कापड फक्त ओढ सोसतं. दाब आला की त्याला सुरकुत्या पडतात. शाळेच्या पटांगणावर सारख्या उंचीच्या चार खांबांना बांधलेली हिरवी जाळी वाऱ्यात फडफडून फाटली की खापर कापडावर फुटतं. दोष बहुतेक वेळा सपाटपणाचा असतो. पृष्ठभाग एका दिशेने खाली झुकलेला आणि आडव्या दिशेने वर उचललेला हवा, खोगिरासारखा. मग वारा वर उचलू लागला की एका दिशेचे धागे ताण घेतात, भार खाली दाबू लागला की दुसऱ्या दिशेचे. फ्राय ओटो या जर्मन वास्तुरचनाकाराने १९५५ साली कासेलच्या उद्यान प्रदर्शनात वाद्यवृंदासाठी असंच छत उभारलं: दोन कोपरे उंच, दोन खाली. तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवून तो असे आकार शोधायचा, कारण त्या पापुद्र्यात ताण सगळीकडे सारखा असतो.

आता हे सगळं संगणक करतो, असं म्हटलं जाईल. खरं आहे. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक छताच्या निमित्ताने श्टुटगार्टमध्ये लिंकविट्झ आणि शेक यांनी त्यासाठीचं गणितही बसवलं. पण कोणता कोपरा किती उंच आणि ताण किती, हे माणसालाच ठरवावं लागतं. खरी कसोटी पुढे, कापणीत आहे. वक्र पृष्ठभागाच्या सपाट पट्ट्या पाडायच्या, आणि त्या हव्या त्या मापाहून मुद्दाम लहान कापायच्या, बहुधा एक-दोन टक्क्यांनी. ताणल्यावर कापड तेवढं वाढतं. उभे आणि आडवे धागे सारखे ताणत नाहीत, म्हणून आधी दोन्ही दिशांनी ओढून तपासावं लागतं. हे एक-दोन टक्के कमी धरले तर छत ढिलं पडतं, जास्त धरले तर कोपरा खांबापर्यंत पोचतच नाही. संपूर्ण आराखड्यातली सगळ्यात नाजूक बुद्धी मला याच आकड्यात दिसते.

छत हलकं म्हणजे काम स्वस्त, हा समज मात्र सोडायला हवा. कापडातला ताण नाहीसा होत नाही. तो खांबांत, तारांत आणि पायात उतरतो, आणि वाऱ्यात तोच पाया उपटू पाहतो. जेद्दाच्या हज टर्मिनलवर १९८१ साली ४५ मीटर बाजूचे २१० तंबू उभे राहिले, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे. यात्रेकरूंवर सावली धरतं ते पातळ कापड, पण त्याला तोलून धरायला पोलादाचे उंच खांब आणि जाड तारा आहेत. कोटेशनमध्ये कापडाचा चौरस फुटाचा दर तेवढा विचारणाऱ्याने पाया किती खोल आणि सैल पडलेलं कापड पुन्हा ताणायची सोय कुठे, हेही विचारावं.