दोन बोटं पाणी

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात दौलताबाद रस्त्याकडेच्या घिसाड्यांच्या पालावर गेले, ती एका जपानी तलवारीच्या छायाचित्रामुळे. पात्याच्या धारेलगत धुक्यासारखी पांढुरकी लाट होती. तिकडे तिला हामोन म्हणतात. ती पात्याला पाणी पाजताना उमटते. पाणी पाजणं हा तर आपल्या लोहारांचा शब्द. त्यावरूनच आपण माणसालाही पाणीदार म्हणतो.

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, म्हणून कोयत्यांची घाई होती. ट्रकच्या जुन्या पाट्याचा लालभडक तुकडा सासऱ्यानं सांडशीनं ऐरणीवर धरला. त्याची हातोडी जिथे टिचकी मारी, तिथेच सुनेचा घण पडे. दोघं एक शब्द बोलत नव्हती. जपानी भट्टीतही उस्ताद असाच छोट्या हातोड्यानं खूण करतो आणि शागीर्द घण घालतात. तिथलं पोलाद मात्र लोहवाळू आणि लाकडी कोळसा तीन दिवस, तीन रात्री पेटत ठेवून काढलेलं, आणि मग दहा-पंधरा वेळा घडी घालून ठोकलेलं.

कोयत्याला आकार आला. सुनेनं पाण्याची बादली पुढे ओढली.

"दोन बोटं बुडवायचं, ताई. सगळं बुडवलं की पहिल्याच उसाला मोडतंय."

चर्रर्र झालं. तापलेल्या लोखंडाचा, वाफेचा तो वास अजून नाकात आहे. एकदम निवलेली धार कडक होते, सावकाश निवलेली पाठ चिवट राहते. जपानी लोहार यासाठी पात्याला मातीचा लेप देतो, धारेवर पातळ, पाठीवर जाड, आणि मग पातं पाण्यात घालतो. कडक आणि चिवट पोलादाची सीमा म्हणजे हामोन. इथे लेप नाही. दोन बोटांचा अंदाज आहे, आणि पाण्याबाहेर काढलेल्या धारेवर चढत जाणारा पिवळा रंग ओळखणारी नजर.

जपाननं 1971 मध्ये गास्सान सादाइची या तलवारकाराला जिवंत राष्ट्रीय ठेवा मानलं. घिसाडी आपल्याकडे भटक्या जमातींच्या यादीत आहेत. खंडेनवमीला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो. ते घडवणारा हात रस्त्याच्या कडेला, पालात राहतो. हे मला सलतं.

एक कोयता विकत घेतला. घरी येऊन उन्हात तिरका धरला. धारेपासून दोन बोटांवर पोलादाचा रंग बदलतो.