पुरुषकंठ आणि गुण देणारें यंत्र

गतवर्षीं सुरेल म्हणून नांवाजलेला आमचा एक विद्यार्थी यंदा जळगांवीं एका लग्नघरीं काराओके यंत्रावर तेंच गीत गावयास उभा राहिला आणि अंतऱ्यावर घोगरला. पडद्यावर गुण उमटले ते निम्मेहि नव्हते. बिचाऱ्यास वाटलें, गळा गेला! वस्तुतः या वयांत स्वरयंत्र वाढून मुलाचा आवाज सुमारें एक सप्तक खालीं येतो. पट्टी मात्र त्यानें जुनीच धरली होती.

‘काराओके’ म्हणजे जपानी भाषेंत ‘रिकामा वाद्यवृंद’. कोबे येथील दाइसुके इनोउए यांनीं १९७१ सालीं असें यंत्र सिद्ध केलें. गुण देणारें यंत्र भाव जाणत नाहीं; मूळ चालीचा स्वर व काळ यांशीं आपलें गाणें ताडून पाहतें. म्हणून पदरच्या मुरक्या तेथें महागांत पडतात.

पुरुषांची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास बसते. महंमद रफी यांच्या तारसप्तकांत झेपावणाऱ्या गीतांचा मोह अनेकांस आवरत नाहीं. मुकेश अथवा हेमंतकुमार यांचीं संथ गीतें साध्या गळ्यास अधिक पेलतात. धृपदावरून निवड करूं नये; आधीं अंतरा म्हणून पाहावा. पुष्कळ यंत्रांत पट्टी उतरविण्याची सोय असते. ती वापरण्यांत कमीपणा तो कसला? आमच्या विद्यार्थ्यानें पट्टी चार स्वर उतरविली, तेव्हां अंतरा पार पडला.